शेऱ्याचा रकाना

आमच्या भाषांतर शाखेतल्या कागदाला चार रकाने असत. अनुक्रमांक, मूळ पानाचा आकडा, भाषांतर आणि शेरा. पहिले तीन भरावेच लागत. चौथा भाषांतरकाराचा स्वतःचा. मूळ कागद फाटका आहे, सही वाचता येत नाही, मजकूर संशयास्पद वाटतो, असं काही म्हणायचं असेल तर ते तिथं लिहायचं. मला या चौथ्या रकान्याचा भारी सोस होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी तिथं एवढं पांडित्य पाजळलं, की एके दिवशी शेजारच्या टेबलावरून वहीदसाहेबांनी माझा कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "नामदेवराव, शेरा लिहून जागा उरली म्हणून भाषांतर केलंत का?"

त्यांचा स्वतःचा चौथा रकाना कायम कोरा. सात वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो, तिथं शाईचा ठिपकासुद्धा पाहिला नाही.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पण त्या राज्याचे कागद मागं राहिले. जमिनीचे, कोर्टाचे, पोलिसांच्या मिसली म्हणजे फायली, सगळे उर्दूत. वाचणारे पटापट कमी होत होते. कुणी हैदराबादला गेलं, कुणी सरहद्दीपलीकडं. म्हणून औरंगाबादच्या कचेरीत ही शाखा काढली होती. मी पैठणचा, विणकराच्या घरातला, उर्दू शाळेत शिकलेला, त्यामुळं मला तिथं जागा मिळाली. वहीदोद्दीन बिडकीनचे. वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, कामानं तर किती मोठे ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. जुने पोलीस अंमलदार शिकस्ता लिहीत, म्हणजे घाईचं, मोडून लिहिलेलं अक्षर. आम्हाला त्यात मुंग्या दिसायच्या. वहीदसाहेब तोंडात लवंग धरून ते सरळ मराठीत वाचत सुटायचे.

बारमाही शेरवानी. चैत्राच्या उन्हातही गळ्यापर्यंत बटणं. डब्यात ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा, आणि जेवायला बसायचं ते पाठ भिंतीला लावून. ही खोड तुरुंगात लागली, असं ते सांगत. दहाच्या ठोक्याला बोरू तासायचा, मग एक वाक्य मुळातून वाचायचं, डोळे मिटायचे, मराठीत मोठ्यानं म्हणायचं आणि मगच लिहायचं. मी अधूनमधून मूळ वाक्यावर हळद-कुंकू वाहायला जाई. ते पट्टी टेबलावर आपटून म्हणत, "जितकं आहे तितकं. वरचं नक्को."

आणखी एक सवय होती. काम थांबलं की डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत ओठ हलवायचे. बारा पेरं झाली की उजव्या हाताची पाच. सतरा. कचेरीतल्या सगळ्यांना वाटे, म्हातारा जप करतोय. म्हातारा कसला, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा. मलाही ते अल्लाचं नाव घेताहेत असंच वाटायचं. एकदा मी विचारलं, की जप तर तेहतीसचा असतो ना? तर म्हणाले, "हा वेगळा आहे. विसरू नये म्हणून." एवढ्यावर त्यांनी बोरू उचलला.

पण या माणसाची खरी गंमत म्हणा, खोड म्हणा, वेगळीच होती. 'का' हा प्रश्न त्यांना कधी पडत नसे. म्हणजे पडत असेल, पण दुसऱ्यानं काही केलं की ते का केलं याचं उत्तर स्वतः द्यायला ते तयार नसत. शिपाई तीन दिवस आला नाही तर आम्ही त्याची दारू, बायको, सासरा सगळं काढायचो. वहीदसाहेब म्हणत, "आला नाही. एवढं ठाऊक आहे." त्यांचा थोरला मॅट्रिकला नापास झाला तेव्हाही हेच. लोकांच्या मनातलं ओळखण्यात मी पटाईत, त्यामुळं मला या माणसाचा कधी कधी रागच येई.

त्यांचा एक जिवाभावाचा दोस्त होता, विश्वनाथ. बिडकीनच्या शाळेत एका बाकावर बसलेले, एकाच मास्तरांच्या छड्या खाल्लेले आणि त्याच मास्तरांच्या हाताखाली उर्दू अक्षर घोटलेले. मास्तर शब्दाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी पुढच्या शब्दाखालून लांब न्यायला शिकवत. ती शेपटी दोघांच्याही हाताला लागली होती. पुढं दोघं लाल झेंड्याच्या पक्षात गेले, दोघं तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर विश्वनाथ गिरणी कामगारांचे पुढारी झाले आणि वहीदसाहेबांना पोरंबाळं होती म्हणून त्यांनी नोकरी धरली. विश्वनाथ उंच, आवाज खडा, सभेत उभे राहिले की मागच्या माणसालाही दिसायचे. वहीदसाहेबांना 'वहीद्या' म्हणणारा जगात तो एकटाच माणूस होता.

विश्वनाथांची सगळी पुण्याई एका गोष्टीवर उभी होती. निजामाविरुद्धच्या लढ्याच्या दिवसांत सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीनं लेव्हीचं धान्य घेई. गोदाकाठच्या एका गावात लोकांनी त्या धान्याच्या गाड्या अडवल्या. पोलिसांनी गोळी चालवली, एक बाई मेली, आणि विश्वनाथ व वहीदोद्दीन पकडले गेले. गावाला उठवलं ते विश्वनाथांनी, हे आम्हा पोरासोरांना पाठ होतं. दर सभेत त्यांची ओळख याच गोष्टीनं होई. वहीदसाहेबांपुढं हा विषय निघाला की ते उठून पाणी प्यायला जात.

दर रविवारी दुपारी शहागंजातल्या एका शिंप्याच्या दुकानामागं अभ्यासमंडळ भरे. आठदहा जण असायचे. सरकारी नोकरानं तिथं पाऊल ठेवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं. तरी वहीदसाहेब जात, आणि त्यांच्या मागं मीही जाई. मला क्रांतीपेक्षा तिथल्या चहाची आणि मोठ्या गप्पांची ओढ होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग आला छप्पन सालचा नोव्हेंबर. एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला आणि आमच्या डोक्यावर पुण्याकडचे एक नवे साहेब आले, ज्यांना उर्दूचा अलिफही येत नव्हता. आणि तिकडं दूर हंगेरीत लोक समाजवादी सरकारविरुद्ध उठले आणि रशियाचे रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांत शिरले.

आता हंगेरी कुठं आणि औरंगाबाद कुठं! पण त्या दिवसांत गुलमंडीवरच्या हॉटेलात चहाचा कप खाली ठेवायची फुरसत नव्हती. नकाशा न पाहिलेली माणसंही त्या बंडामागचा हेतू छातीठोक सांगत होती. आमचे नवे साहेब म्हणाले, लोकांना लोकशाही हवी होती, पार्लमेंट हवं होतं, दुसरं काही नाही. वहीदसाहेबांनी नम्रपणे विचारलं, "आपल्याला पत्र आलं का साहेब तिथून?" साहेब हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही. विश्वनाथ गिरणीच्या फाटकावर सांगत होते, की ते बंड कामगारांचं नव्हेच. हाकललेले जमीनदार, पाद्री आणि परदेशाचा पैसा, यांनी भोळ्या लोकांना फूस लावली.

त्याच सुमारास हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर एक टोपीवाला माणूस बसू लागला. चहा मागवी आणि पीत नसे. आम्ही उठलो की जरा वेळानं उठे. अभ्यासमंडळातले दोघे जण आजारी पडले, म्हणजे तसा निरोप आला. शिंप्यानं मागच्या दाराला पडदा लावला. मला रात्रीची झोप लागेना, आणि वहीदसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "माणूस बसतो. चहा पीत नाही. एवढं ठाऊक आहे."

अशात विश्वनाथ एक छापील पत्रक घेऊन आले. वरून आलेलं, हंगेरीबद्दल. ते उर्दूत करून द्यायचं होतं, गिरणीतल्या मुसलमान कामगारांसाठी. वहीदसाहेबांनी ते वाचलं, डोळे मिटले, आणि एक अक्षर न लिहिता परत ठेवलं.

"काय झालं रं?" विश्वनाथ म्हणाले.

"हे मी केलंय आधी," वहीदसाहेब म्हणाले.

"आधी? अरे, कालच्या पोष्टानं आलंय हे."

"रविवारी दाखवतो."

तो रविवार मी विसरणार नाही. पडदा ओढलेला, सहा माणसं, शिलाईयंत्रावर कपड्याचं ओझं. वहीदसाहेबांनी शेरवानीच्या आतून एक घडी केलेला कागद काढला आणि बसल्या बसल्या सपाट आवाजात उर्दूत वाचायला लागले. जमाव भोळ्या आणि अडाणी लोकांचा होता. त्यांना स्वतःची काही तक्रार नव्हती. बाहेरून आलेल्या, परक्या पैशावर पोसलेल्या इसमांनी त्यांना फूस लावली. खरा हेतू राज्य उलथण्याचा होता. शांतताप्रिय रयतेच्या विनंतीवरून फौजेला नाइलाजानं पाचारण करावं लागलं.

"लई बेस!" विश्वनाथांनी मांडीवर थाप मारली. "हेच पक्षाचं म्हणणं हाय. वहीद्या, आमच्या पत्रकापेक्षा तुझं भाषांतर झ्याक उतरलंय."

"हे पत्रक नाही विश्वा," वहीदसाहेब म्हणाले. "ही पोलिसांची मिसल आहे. लेव्हीच्या गाड्यांची. मागच्या आठवड्यात माझ्या टेबलावर आली. परक्या पैशावर पोसलेले इसम म्हणजे तू आणि मी."

शिलाईयंत्रावरून एक कापड घसरून खाली पडलं, ते कुणी उचललं नाही.

वहीदसाहेब तिथंच थांबले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्या दिवशी ते बोलले, आणि सात वर्षांत मी ऐकलं नव्हतं एवढं बोलले. "सात वर्षं जुन्या मिसली वाचतोय मी. एक गाव असं सापडलं नाही की जे आपल्या डोक्यानं उठलं. दर वेळेला कुणीतरी बाहेरचा. चला, पोलिसांचं सोडा. पण आपण काय सांगतो? आपण पण हेच सांगतो, की विश्वनाथनं उठवलं. खरं काय झालं ते तू सांगतो का मी सांगू?"

"वहीद, बस कर," विश्वनाथ म्हणाले. 'वहीद्या' म्हणाले नाहीत, हे तेव्हाच माझ्या ध्यानात आलं.

"आपण दोन दिवस गावात हिंडलो. कुणी उभं करीना. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन चिंचेखाली झोपलो. गलका ऐकून जाग आली, तोवर बायका गाड्यांपुढं बसल्या होत्या. सतरा जणी. बियाण्याची ज्वारी चालली होती म्हणे. आपण डोळे चोळत उभे होतो आणि पोलिसांनी आपल्याला धरलं, कारण आपण शिकलेले दिसत होतो. बायकांची नावं मिसलीत नाहीत. लिहिलंय, स्त्रिया सुमारे वीस, नावे मालूम नाहीत. आपल्या पत्रकात तर स्त्रियाच नाहीत." जरा थांबून ते म्हणाले, "मग त्या हंगेरीच्या लोकांना मी कुठल्या तोंडानं लिहू, की कुणीतरी फूस लावली म्हणून?"

तेव्हा मला कळलं, त्या सतरा पेरांवर काय मोजलं जातं ते.

विश्वनाथ उठले. दारात पडदा हातात धरून ते एवढंच म्हणाले, "तुला याच्यातनं काय मिळवायचं हाय ते कळंल मला." दोघं एकत्र आले होते. त्या दिवशी वहीदसाहेब आणि मी चालत घरी गेलो.

पंधरा दिवसांनी कचेरीच्या टपालात एक उर्दू अर्ज आला. कलेक्टरांच्या नावे, निनावी. नव्या साहेबांना वाचता येईना, त्यांनी कोपऱ्यावर 'भाषांतर शाखा' असं लिहून खाली पाठवला. शिपायानं तो माझ्या टेबलावर ठेवला.

पहिल्या ओळीतच वहीदसाहेबांचं नाव होतं. सदर इसम सरकारी गुप्त कागदांच्या नकला घरी नेतो. बंदी असलेल्या बैठकांना जातो. सदर इसमाचा भाऊ कराचीस असून सदर इसम त्याच्या इशाऱ्यावरून हे करतो, आणि कचेरीतली माहिती तिकडं धाडण्याचा त्याचा हेतू आहे. भाऊ कराचीला होता, हे खरं. पोलीस ॲक्शननंतरच्या धामधुमीत तो गेला, आणि गेल्यापासून त्याची दोन पोस्टकार्डं आली होती. दोन्ही मला वहीदसाहेबांनीच दाखवली होती. एकात आईची चौकशी, दुसऱ्यात घरच्या आंब्याला मोहर आला का, अशी विचारणा. पण त्या काळात मुसलमान माणसाच्या नावापुढं कराची लिहिलं की पुढचं कुणी वाचत नसे. ते लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि दुसरी गोष्ट अक्षराची. प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी पुढच्या शब्दाखालून लांब गेलेली होती. विश्वनाथांच्या चिठ्ठ्या मी वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या.

मी तो कागद खणात सरकवला. वहीदसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला चेहरा झाकता येत नाही, तो माझा जन्माचा दोष. त्यांनी हात पुढं केला. "उर्दू अर्ज माझ्या टेबलाचे असतात, नामदेवराव."

"हरवला म्हणू आपण," मी पुटपुटलो. "नाय तर मी करतो. कराचीचं गाळतो. कुणाला कळणार आहे?"

"द्या."

त्यांनी तो एकदा सगळा वाचला. मला वाटलं होतं, फाडतील, रडतील, निदान शिवी तरी देतील. त्यांनी बोरू तासला. चार रकाने आखले. पहिलं वाक्य उर्दूतून वाचलं, डोळे मिटले, आणि मराठीत मोठ्यानं म्हणाले. तसंच दुसरं. कराचीच्या वाक्याला आले तेव्हा शाखेत फक्त त्यांचा आवाज होता. एका ठिकाणी थांबून मला विचारलं, "इथं 'सांगण्यावरून' लिहावं का 'इशाऱ्यावरून'?"

"'सांगण्यावरून' लिहा. जरा सौम्य आहे," मी हात जोडून म्हणालो.

"पण त्यानं तसं लिहिलं नाही," असं म्हणून त्यांनी 'इशाऱ्यावरून' लिहिलं.

शेवटी रिवाजाप्रमाणं 'भाषांतर अस्सलबरहुकूम', म्हणजे मुळाप्रमाणंच, असं लिहून खाली सही केली. स्वतःवरचा अर्ज, स्वतःची सही. शेऱ्याचा रकाना कोरा होता. तिथं दोन ओळी लिहायचा हक्क त्यांना होता. हे खोटं आहे, एवढं लिहिलं असतं तरी साहेबांना ते वाचावं लागलं असतं. मी म्हटलंसुद्धा तसं. ते म्हणाले, "अर्धं खरं आहे की. कागद तर मी नेला होता." आणि कागद स्वतःच्या हातानं वर नेऊन दिला.

चौकशी झाली. लिहून घ्यायला मला बसवलं होतं. साहेबांनी विचारलं, "अक्षर ओळखता?" वहीदसाहेब म्हणाले, "चांगलं अक्षर आहे. चांगल्या मास्तरच्या हाताखालचं." नाव घेतलं नाही. "कागद का नेला?" या प्रश्नावर ते म्हणाले, "नेला, एवढं लिहा. का ते मी सांगितलं तरी तुम्ही वेगळंच लिहिणार, साहेब. आजवरच्या मिसलीत तसंच झालंय." मग साहेबांनी विचारलं, की बैठकीला या शाखेतलं आणखी कुणी होतं का? मी लेखणी धरून बसलो होतो. वहीदसाहेबांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाले, "मी होतो."

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मी ते उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. त्याची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटावीच.

नोकरी गेली. पक्षानंही त्याच महिन्यात त्यांना काढलं, शत्रूच्या हातातलं बाहुलं म्हणून. थोरल्या पोराला शाळा सोडून चिकलठाण्याकडं एका कारखान्यात चिकटावं लागलं. वर्षभर एक पोलीस त्यांच्या घरासमोरच्या पानपट्टीवर बसे, कराचीच्या पत्रांची वाट पाहत. तिसरं पत्र आलंच नाही. आलं असेल तर त्यांच्या हाती पडलं नाही.

वहीदसाहेब कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली एक पेटी मांडून बसू लागले. लोकांचे अर्ज लिहायचे, जुने उर्दू कागद वाचून सांगायचे. शेरवानीची बटणं तशीच गळ्यापर्यंत. पाठ टेकायला आता झाडाचं खोड होतं. मी जाता येता उभा राही, पण साहेबांच्या खिडकीकडं पाहत पाहत; त्यांच्या ओठांवरचं एखादं नाव तेवढं कानावर पडे. बऱ्याच वर्षांनी प्रागमध्ये रणगाडे शिरले तेव्हा मी पेपर घेऊन गेलो. त्यांनी मथळा वाचला आणि विचारलं, "या वेळेला कुणाची फूस म्हणतात?" मी बातमीत पाहिलं. लिहिलं होतंच. त्यांनी पेपर घडी करून परत दिला आणि अंगठा पेरांवर ठेवला.

विश्वनाथ त्या आवारात कधी यायचे नाहीत. कामगारांचे मोर्चे लिंबाच्या पलीकडच्या फाटकानं येत, ते पुढं असले की फाटक बदलत. मी पाहिलेलं आहे.

मग स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन देण्याची योजना आली. एव्हाना पक्षात फाटाफूट होऊन विश्वनाथ एकटे पडले होते, गुडघ्यांनी चालत नव्हते, मुलगा विचारीत नव्हता. त्यांनी अर्ज केला. पुरावा एकच होता, गाड्यांची ती मिसल. वहीदसाहेबांनी केलेलं भाषांतर चौकशीच्या कागदांबरोबर मुंबईला गेलं होतं ते गेलंच. आता शाखेत मी एकटा उरलो होतो. विश्वनाथ माझ्यापुढं काठी टेकून बसले आणि मूळ कागद मी पुढ्यात घेतला. सगळं शिकस्ता. मुंग्याच.

"मला हे वाचता येत नाही," मी म्हणालो. "गावात एकच माणूस वाचू शकतो."

त्यांनी काठी उचलली. "व्हय," म्हणाले. "चल."

मी त्यांना हाताला धरून लिंबाखाली नेलं. वहीदसाहेबांनी वर पाहिलं, आणि पेटीवरचं पान सरकवून जागा केली, गिऱ्हाइकाला करतात तशी. मिसल घेतली. रकाने आखले. वाक्य वाचायचं, डोळे मिटायचे, म्हणायचं, लिहायचं. सोळा वर्षांनी मी ते पुन्हा ऐकत होतो. बाहेरून आलेल्या इसमांनी फूस लावली, पैकी म्होरक्या विश्वनाथ, दुसरा वहीदोद्दीन. आता या खोट्या ओळीवरच पेन्शन मिळणार होती. मी न राहवून म्हणालो, "तुमचंही नाव आहे की. तुम्हीही अर्ज करा."

"मी झोपलो होतो," वहीदसाहेब म्हणाले.

विश्वनाथांची मान खाली गेली. "वहीद्या," ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांनी आला. "त्या टायमाला मी जे..."

"ते नक्को. मी विचारलं का तुला, का केलं म्हणून?"

'अस्सलबरहुकूम' लिहून झालं. मग वहीदसाहेबांनी बोरू फिरवून विश्वनाथांपुढं धरला आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं तू लिही. ती नावं. तुला पण तोंडपाठ होती, तुरुंगात दोघं मिळून म्हणायचो आपण."

विश्वनाथांनी बोरू घेतला. मी पाहत होतो. ती नावं लिहिली तर साहेब विचारणार, की गाड्या बायकांनी अडवल्या तर तुम्ही काय केलं? एक थेंब शाई पेटीवर पडली. मग त्यांनी बोरू खाली ठेवला. "मला आता दिसत नाय नीट," म्हणाले.

"ठीक आहे," वहीदसाहेब म्हणाले. "राहू दे." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं.

मी तो कागद प्रमाणित केला. चौथा रकाना कोरा ठेवून, सही-शिक्क्यानिशी. विश्वनाथांना रिक्षात बसवलं आणि कचेरीची पायरी चढताना मागं वळून पाहिलं. वहीदसाहेब खोडाला टेकून बसले होते. एका म्हातारीनं आणलेला जुना कागद मांडीवर तसाच पडला होता आणि अंगठा पेरांवरून चालला होता. ओठ हलत होते. उजव्या हाताच्या तिसऱ्या पेरावर तो थांबला, मागं आला, पुन्हा तिथं जाऊन थांबला. त्यांना एक नाव आठवत नव्हतं.

मला परत जाऊन कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढं बसता आलं असतं. टेबलावर टपाल पडलं होतं. उद्या जाऊ म्हटलं. त्या थंडीत ते गेले.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराखाली सह्या केल्या. आज शेरा लिहितो.

गाड्या पुढील स्त्रियांनी अडवल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सोजरबाई, हिला गोळी लागली. हाजराबी. लोहाराची ठकूबाई. गंगूबाई. हाजराबीची सून खैरून. कोंडाबाई. रखमा. बाकी दहा जणींची नावे मालूम नाहीत.